‘या नुसत्या गप्पा आहेत, डेटा कुठंय?’

पत्र थोडक्यात: समाजकार्य विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. विषय आहे ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य. गेल्या गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या परिसरात, बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन त्यांनी १४ बायकांशी मोकळेपणानं बोलून मुलाखती घेतल्या. हातात प्रश्नावली नव्हती. फोनवर साधारण वीस तासांचं रेकॉर्डिंग जमलंय. गाईडनी चार उतारे वाचले आणि म्हणाले, “या नुसत्या गप्पा आहेत, डेटा कुठंय?” आता त्यांचा आग्रह आहे की हे सगळं बाजूला ठेवा आणि २०० बायकांकडून बंद प्रश्नांची प्रश्नावली भरून आणा. भगिनींचं म्हणणं असं की प्रश्नावली काढली की बायका ठरावीक उत्तरं देतात, खरं बाहेर येतं ते मोकळ्या बोलण्यातच. त्यात आणखी एक गुंता आहे. एका बाईनं पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्याची सगळी हकीकत सांगितली आणि आठवड्यानं पुन्हा भेट झाली तेव्हा “मी आसं कुठं म्हणले?” म्हणून विषय बंद केला. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: गाईडचं ऐकू की माझ्या बायकांचं?

नमस्कार,

तुमच्या प्रश्नातला ‘माझ्या’ हा शब्द आधी जरा बाजूला काढते. दोन महिने कोप्यांवर जाऊन आलं, चुलीपुढं बसून कोरा चहा प्यालं की हा शब्द आपसूक तोंडात येतो. माझ्याही यायचा. पण त्यातून असं चित्र उभं राहतं की गाईड एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला आणि मधे तुम्ही. हे चित्रच तुम्हाला अडवतंय असं मला वाटतं. गाईडनी विचारलं ते खोचक आहे, पण वावगं नाही. आणि तुम्ही जे जमवलंय ते मोलाचं आहे, फक्त तुम्ही सांगताय त्या कारणासाठी नाही.

पत्रासोबत तुम्ही जो उतारा जोडलाय, त्यातल्या चार ओळी वाचकांसाठी इथं देते.

तुम्ही: महिन्यातून किती दिवस सुट्टी मिळते?
त्या: सुट्टी? (हसतात.) आमाला कुठली सुट्टी.
तुम्ही: म्हणजे बरं नसलं तरी?
त्या: मग खाडा पडतो की. खाडा पडला की मुकादम उचलीतून कापतो. माझा बी कापतो आन मालकाचा बी. कोयता एकच हाय ना आमचा.

आता समजा तुमच्या हातात छापील प्रश्नावली असती. ‘महिन्यातील सुट्टीचे दिवस’ या रकान्यात तुम्ही शून्य लिहिलं असतं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळला असता. उत्तर खोटं नव्हतं, पण निरुपयोगी होतं. ‘सुट्टी’ हा शब्द तुमच्या जगातला, ‘खाडा’, म्हणजे पैसे कापले जाणारी गैरहजेरी, हा त्यांच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर, म्हणजे बायकोचं दुखणं हा नवऱ्याचाही दंड. पाळीच्या दिवसांतलं काम, बाळंतपणानंतर किती दिवसांत फडात उतरायचं, पिशवी काढण्याचा विचार घरात पहिल्यांदा कोण बोलून दाखवतं, हे सगळे धागे त्या एका शब्दाला बांधलेले आहेत. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, ‘खाडा’ हा शब्द आहे का? मी पैज लावते, नसेल. मुक्त मुलाखतीची खरी ताकद इथं आहे. जो प्रश्न विचारायला हवा हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, तो समोरचा माणूस आपल्या हातात आणून ठेवतो. पाठ्यपुस्तकात हिला ‘असंरचित मुलाखत’ म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही, पडक्या घराची आठवण येते. या बोलण्याला रचना असते, फक्त ती विचारणाऱ्यानं घरून आणलेली नसते.

ही गोष्ट काही आज नव्यानं कळलेली नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ साली कामगारांच्या मुलाखतींचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते: साहेब कसा आहे, काम कसं आहे, जागा कशी आहे. पण कामगार उत्तर देता देता भलतीकडंच जायचे, घरच्या गोष्टी, जुनी भांडणं, जेवणाचं, पगाराचं. मुलाखत घेणारे त्यांना पुन्हापुन्हा प्रश्नाकडं ओढून आणायचे. वर्षभरातच त्यांच्या लक्षात आलं की ज्याला आपण भरकटणं म्हणतोय तोच माणसाच्या लेखी मुद्दा आहे. मग पद्धत बदलली. माणूस बोलेल ते बोलू द्यायचं, मधे तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही. अर्ध्या तासाची मुलाखत सरासरी दीड तासावर गेली. १९३० पर्यंत २१ हजारांहून अधिक कामगारांशी बोलून झालं होतं.

या गोष्टीचा दुसरा भाग मात्र वर्गात सहसा शिकवत नाहीत. मनमोकळं बोलून अनेकांना बरं वाटलं, पण परिस्थिती होती तिथंच राहिली. पुढं कंपनीनं १९३६ पासून ऐकून घेणारी माणसंच नोकरीला ठेवली. गाऱ्हाणं ऐकून घेणं हा गाऱ्हाणं मिटवण्याचा स्वस्त पर्याय ठरू शकतो, हे लक्षात ठेवा. एका बाईनं तुम्हाला विचारलं होतं ना, “ताई, हे लिहून घेताय तर आमच्या उचलीचं काई होईल का?” त्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात लिहिलेलं नाही. ते आठवून वहीत उतरवून ठेवा. तुमच्या प्रबंधाला ते लागणार आहे.

आता तुमच्या गृहीतकाकडं येते. ‘मोकळं बोलणं म्हणजे खरं बोलणं.’

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या एका लेखन प्रकल्पात, गुलामगिरीतून सुटलेल्या हयात माणसांच्या आठवणी गोळा केल्या गेल्या. दोन हजारांहून जास्त मुलाखती झाल्या. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात सुझन हॅम्लिन नावाच्या शंभरी गाठलेल्या आजी होत्या. त्यांच्याकडं दोघं वेगवेगळे जाऊन आले. जेसी बटलर ही गोरी बाई आणि ऑगस्टस लॅडसन हा काळा माणूस. बटलरबाईंच्या कागदावर आजींचा सूर असा की मालक तसा भला होता, दिवस बरे होते. लॅडसनच्या कागदावर चाबूक आहे, विकली जाणारी माणसं आहेत, ताटातूट होताना उठलेला आक्रोश आहे. आजी त्याच, गावही तेच. प्रश्नावली दोघांकडंही नव्हती. मग आजी कुणाशी खोटं बोलल्या? दारात आलेली गोरी बाई सरकारी कामावरची, काळ मंदीचा, म्हातारपणी सरकारी मदतीची आशा. अशा वेळी कुणापुढं काय बोलायचं हे शंभर वर्षं जगलेल्या बाईला नेमकं कळत होतं. दोन्ही मुलाखती मोकळ्याच झाल्या, पण प्रत्येकीत मुलाखत घेणारा माणूस आरपार मुरलेला होता.

आपल्याकडं तर हे दोन मिनिटांत उरकतं. “गाव कोणतं? आडनाव काय?” कोपीपुढं तुम्ही टेकायच्या आधी हे दोन प्रश्न झालेच असणार. तुमची जात, तुमचं शहर, गळ्यातलं ओळखपत्र, पायातले बूट, गाडीवर सोडायला कोण आलं होतं, यावरून तुम्हाला काय सांगायचं आणि काय नाही हे ठरलेलं असतं. तुम्हाला कारखान्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीनं तिथं जाता आलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते ओझरतं नाही. तुमच्या अभ्यासातली सगळ्यात मोठी नोंद कदाचित तीच असेल. कारखान्याच्या माणसानं आणून बसवलेल्या ताईंना मुकादमाबद्दल काय ऐकायला मिळणार?

म्हणून म्हणते, प्रश्नावलीत बायका खोटं बोलतात आणि गप्पांत खरं, ही वाटणी सोडून द्या. दोन्हीकडं त्या बेतानंच बोलतात. फरक इतकाच की प्रश्नावलीत बेत दिसत नाही आणि मोकळ्या बोलण्यात, पाहायचा ठरवला तर, दिसू शकतो. हसणं, थांबणं, आवाज खाली जाणं, कोपीबाहेर मोटारसायकल थांबल्यावर एकदम “बरंय आमचं” म्हणणं. पण त्यासाठी तुम्ही ते टिपलेलं असायला हवं. टिपलं नसेल तर उरतात फक्त शब्द, आणि गाईडना त्या गप्पा वाटल्या तर त्यांचा दोष नाही.

यावर माझीच एक फजिती सांगते, म्हणजे उपदेश जरा हलका होईल. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी कोकणात मासळी विकणाऱ्या बायकांशी बोलत होते. तेव्हा कॅसेट होत्या. नव्वद मिनिटांची एक मुलाखत मला फारच रंगलेली वाटली होती. बाई खुलल्या होत्या, मी खूश होते. घरी येऊन ऐकायला बसले तर निम्म्या टेपवर मीच. “दलाल लुबाडत असतील ना तुम्हाला?” असं मी विचारतेय आणि त्या म्हणतायत, “लुबाडतंत की.” “मग त्रास होत असेल?” “व्हतो की.” मी वाक्य पुरवतेय, त्या शिक्का मारतायत. त्या मुलाखतीतून दलालांविषयी काही कळलं नाही. मला काय ऐकायचं होतं तेवढं कळलं. बाई मात्र सभ्य होत्या. दारात आलेल्या माणसाला नाराज कशाला करा!

तुमच्या चौदांपैकी कुठलीही एक मुलाखत घ्या आणि घड्याळ लावून ऐका. तुमचा आवाज किती मिनिटं, त्यांचा किती? ‘ना’ आणि ‘असेल’ नं संपणारे प्रश्न किती? तुमच्या उताऱ्यातलं “म्हणजे बरं नसलं तरी?” हा सुंदर प्रश्न आहे, कारण त्यांच्याच उत्तराचं टोक पकडून तुम्ही पुढं गेलात. पण त्याच पानावर खाली तुम्ही विचारलंय, “डॉक्टरनं घाबरवलं असेल ना?” इथं तुम्ही कोकणातली मी झालात. आणि ‘का’ नं सुरू होणारे प्रश्न जपून वापरा. “का काढली पिशवी?” हे आपल्याला साधं वाटतं, ऐकणाऱ्याला पोलीस चौकीतलं वाटतं. लगेच सफाई द्यायला सुरुवात होते. “तेव्हा काय काय झालं ते सांगा” म्हटलं की माणूस दवाखान्याच्या बाकड्यापासून सुरू करतो. कुणी सोबत आलं होतं, पैसे कुणी भरले, कागदावर अंगठा कुणी दिला, हे सगळं आपोआप येतं. माझा आवडता सुरुवातीचा प्रश्न अगदी साधा आहे. “काल पहाटे उठल्यापासनं सांगा.” तीन वाजता उठणाऱ्या बाईचा एक दिवस नीट ऐकला, भाकरी, फड, मोळ्या, रात्री कधीही येणारी गाडी भरणं, की आरोग्याचा अर्धा प्रबंध त्यातच असतो.

आता गाईडचं. त्यांची बाजू मी मांडते, कारण तुम्ही मांडलेली नाही. चौदा बायकांवरून तुम्ही असं म्हणू शकत नाही की ऊसतोड बायकांमध्ये अमुक इतक्या जणींची पिशवी काढलेली असते. ‘बहुतेक जणी’, ‘सर्रास’, ‘वाढतं प्रमाण’ हे शब्द तुमच्या मसुद्यात जिथं जिथं असतील तिथं लाल पेन चालवा. किती, कुठं जास्त, कुणात कमी, या प्रश्नांना मुक्त मुलाखत उत्तर देत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहात साधारण एक. हा आकडा कोपीपुढं कितीही हंगाम बसून मिळाला नसता, आणि हा आकडा नसता तर प्रश्न केवढा मोठा आहे हे कळलं नसतं. पण हे मोजायला हवं, हे कुणाच्या तरी आधी कानावर आलेलं होतं. आणि मोजून झाल्यावरही त्या सहातल्या एकीनं तो निर्णय कसा घेतला, घेतला की तिच्यासाठी घेतला गेला, हे आकडा सांगत नाही. तिथं पुन्हा चुलीपुढंच जावं लागतं.

म्हणून ‘हे की ते’ असा वाद गाईडशी घालू नका. त्यांना सांगा की प्रश्नावली करते, पण या चौदा मुलाखतींतून करते. ‘सुट्टी’ च्या जागी खाडा येईल. ‘उत्पन्न’ च्या जागी उचल, फिटलेली उचल आणि अंगावर राहिलेली उचल. ‘आरोग्य सुविधा’ च्या जागी “शेवटचं दवाखान्यात गेलात तेव्हा त्या दिवसाचं काम कुणी केलं?” अशी प्रश्नावली बाहेरून कुणाला बनवता येणार नाही. मग ती २०० जणींकडून भरून घ्यायची की ८० जणींकडून, हे वेळ आणि पैसा बघून ठरवा. एकट्या संशोधकाला, शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशात, मला ८० पुरेशा वाटतात. पण नमुना कसा निवडला हे लिहा. ‘ओळखीनं भेटल्या त्या’ असेल तर तसंच लिहा, लाजू नका.

गाईडना पटवायचं असेल तर तक्रारी न करता एक कागद न्या. सगळ्या मुलाखती तुम्ही शब्दशः उतरवल्या आहेत का? पत्रावरून वाटतंय, चारच उतरल्यात. एक तासाच्या रेकॉर्डिंगला उतरवायला पाच-सहा तास लागतात, त्यात कोपीतला आवाज, पोरांचं रडणं, ट्रॅक्टरवरची गाणी असली की आणखी. म्हणजे तुमच्यापुढं शंभर-सव्वाशे तासांचं काम आहे. मुक्त मुलाखत स्वस्त आणि सोपी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे कधी केलेलं नसतं. दुसऱ्या कुणाला पैसे देऊन उतरवून घेऊ नका, निदान पहिल्या पाच तरी नाही. आणि भाषा ‘शुद्ध’ करू नका. “खाडा पडतो की” मधला ‘की’ गेला तर त्यातला तिरकसपणा गेला. मोबाइलमधलं आपोआप लिहून देणारं ॲप बीडची बोली ऐकून काय लिहितं ते मी पाहिलंय, हसून पुरेवाट होते.

उतरवून झालं की चौदा आडव्या ओळींचा एक तक्ता करा. प्रत्येक बाईसमोर मुलाखत कुठं झाली, किती वाजता, जवळ कोण होतं, ओळख कुणी करून दिली, किती वेळा भेटलात. पुढं कुठला विषय तिनं आपण होऊन काढला आणि कुठला तुम्ही काढल्यावर आला, हे वेगवेगळ्या रकान्यांत. हा शेवटचा भाग फार कमी जण करतात आणि परीक्षकाला तोच सगळ्यात आधी दिसतो. खाड्याचा विषय चौदांपैकी नऊ जणींनी न विचारता काढला असेल, तर त्याला वजन आहे. तुम्ही विचारल्यावर चौदाही जणी “होय” म्हणाल्या असतील, तर फार नाही. उलटं जाणाऱ्या बाईला लपवू नका. एखादी म्हणाली असेल की मुकादम भावासारखा आहे, तर तिला दोन पानं द्या. ती खरंच तसं मानते, की मुकादम तिच्याच गावचा, भावकीतला आहे, की तो बाहेर उभा होता? तुमचं विश्लेषण तिथं पणाला लागतं.

विषयांची एक चिठ्ठी जवळ ठेवायला हरकत नाही. पाच-सहा शब्द: दिवस, दुखणं, दवाखाना, उचल, पोरांची शाळा, गावाकडचं घर. क्रम नको, वाक्यं नकोत. गप्पा आपल्या वाटेनं जाऊ द्या, शेवटी चिठ्ठीवर नजर टाका आणि राहिलेलं विचारा. त्यानं मुलाखतीचा मुक्तपणा बाटत नाही. चौदा जणींची निदान काही बाबतींत तुलना करता येते, आणि गाईडचं अर्धं समाधान होतं.

आणखी एक वाट सुचवते. समोरासमोर विचारून जे येत नाही ते कधीकधी भलत्याच रूपात येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, गर्भारपण, सगळं त्यात आहे. ज्या बाईला “सासू छळते का?” विचारलं तर ती “नाही बाई, चांगलीय” म्हणेल, ती ओवीत सगळं सांगून मोकळी होते, कारण ओवी सगळ्यांची असते, तिच्या एकटीच्या नावावर नसते. ऊसतोड बायका फडात, गाडीवर काय म्हणतात, कुणाची नक्कल करतात, कुठल्या बाईची गोष्ट ‘आमच्याकडं एक होती’ म्हणून सांगतात, ते ऐका. ‘आमच्याकडं एक होती’ ही पुष्कळदा सांगणारी स्वतःच असते. पण ती तसं म्हणत नाही तोवर तुम्हीही तसं लिहायचं नाही.

वेळ मिळाला तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यावर, तीन-चार जणींना त्यांच्या गावात जाऊन भेटा. उंबरठ्याच्या आत बसलेली बाई कोपीतल्या बाईपेक्षा वेगळं बोलते. मुकादम तिथंही असतो म्हणा, बऱ्याचदा त्याच गल्लीत. पण बहीण, आई, जाऊ असते. दुसरी भेट ही मुक्त मुलाखतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पहिल्या भेटीत माणूस पाहुण्याशी बोलतो.

मधेच एक रुक्ष गोष्ट. रेकॉर्डिंग फोनमध्येच आहे असं लिहिलंय तुम्ही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला. वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या त्या नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या. तिन्ही एकाच ठिकाणी होत्या! पुढं त्यांनी बरंचसं आठवणीतून लिहून काढलं आणि ते पुस्तक गाजलं. पण ते श्रीनिवास होते. तुम्ही आज संध्याकाळी दुसरी प्रत काढा, पासवर्ड घाला आणि ती दुसऱ्या घरात ठेवा.

आता त्या बाईंचं, ज्यांनी सांगितलं आणि मग नाही म्हणाल्या.

तुमचा प्रश्न असा आहे की त्यांची पहिली हकीकत वापरावी की नाही, कारण ‘खरं तर तेच आहे’. खरं काय हे मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. मला वेगळंच दिसतं. त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा तुम्ही त्यांच्याशी फार छान वागला होतात. ऐकून घेतलंत, डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. रोज शिव्या खाणाऱ्या बाईला असं कुणी भेटलं की तोंडून जास्तच निघून जातं. जॅनेट फिंच नावाच्या ब्रिटिश अभ्यासिकेनं १९८४ मध्येच हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय: बायका बाईशी इतक्या सहज बोलतात की त्यांना आपल्यापासूनच जपायला हवं असं वाटू लागतं. आपली माया हे आपलं सगळ्यात धारदार हत्यार असतं आणि ते आपल्या हातात आहे हे समोरच्याला दिसतही नाही. त्या आठवड्यात काय झालं असेल? नवऱ्याला कळलं असेल, शेजारच्या कोपीतून कुणी बोललं असेल, किंवा रात्री आडवं पडल्यावर त्यांच्याच मनात आलं असेल की हे बोलायला नको होतं. “मी आसं कुठं म्हणले?” हे वाक्य मी खोटेपणा म्हणून वाचत नाही. संमती काढून घ्यायचा फॉर्म तुम्ही त्यांना दिला नव्हता, म्हणून त्यांनी या शब्दांत ती काढून घेतली.

संमतीबद्दल सगळ्यांनाच सांगते. सुरुवातीला अंगठा किंवा सही घेतली म्हणजे काम झालं, असं मुक्त मुलाखतीत होत नाही. सुरुवातीला बाईला माहीतच नसतं की बोलता बोलता आपण कुठवर जाऊ, तुम्हालाही नसतं. म्हणून संमती शेवटी पुन्हा विचारायची. “यातलं काय लिहू नको?” इतकं साधं. उचल अंगावर असलेल्या बाईनं मुकादमासमोर दिलेल्या संमतीला तर काहीच अर्थ नाही. आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. गाव, कारखाना, वय, तीन मुली आणि ऑपरेशनचं साल एका परिच्छेदात आलं की टोळीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ती. तुम्ही जोडलेल्या उताऱ्यात हे सगळं होतं. मी इथं छापताना फक्त चार ओळी घेतल्या त्या त्यामुळंच.

तर त्या बाईंना एकदा एकट्यात भेटा. विहिरीवर, दळणाला जाताना, जिथं त्यांना सोयीचं असेल तिथं. पिशवीचा विषय काढू नका. एवढंच म्हणा की मागच्या वेळचं तुमचं बोलणं फोनात आहे, ठेवू की पुसू? पुसा म्हणाल्या तर फोन त्यांच्या हातात द्या, बटण त्यांना दाबू द्या. आणि कोपीवरून निघाल्यावर गूगल ड्राइव्ह उघडून तिथं आपोआप चढलेली प्रतही काढून टाका. ती बहुतेक सगळे विसरतात.